शीत प्लाझ्मा कोणाच्या मालकीचा?

कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याची बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी वर्तमानपत्रांतून झळकते, आणि पुढे त्या उपायाचे काय झाले हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. अलीकडे या बातम्यांत ‘शीत प्लाझ्मा’ हे नाव पुनःपुन्हा येऊ लागले आहे. निळसर-जांभळ्या ज्योतीसारखा एक झोत. बोटाला लागला तर भाजत नाही, पण कर्करोगाच्या पेशींवर सोडला तर त्या मरतात आणि शेजारच्या निरोगी पेशी शाबूत राहतात, असे त्याचे वर्णन केले जाते. हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि अपुरे सत्य बाजारात उत्तम खपते.

परिवर्तनवादी म्हणवणाऱ्या वर्तुळांत या बातमीचे स्वागत दोन तऱ्हांनी होते. काही जण विज्ञाननिष्ठेच्या भरात तिच्यावर तात्काळ विश्वास टाकतात. त्याहून अधिक संख्येने असलेले कार्यकर्ते मात्र खांदे उडवतात. त्यांचे म्हणणे असे की, पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातून साध्या किरणोपचारासाठी रुग्णाला परगावी धाव घ्यावी लागते, तिथे प्लाझ्माची चर्चा म्हणजे श्रीमंतांचे चोचले. आपण रस्ता, रेशन आणि रोजगार हमीचे प्रश्न पाहावेत, प्रयोगशाळेत काय चालते ते शास्त्रज्ञ पाहतील. पहिली भूमिका भाबडी आहे व ती आपोआप विझते. दुसरी अधिक घातक आहे, कारण ती शहाणपणाचा आव आणून एक मोठे क्षेत्र न लढताच भांडवलाच्या हवाली करते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. येथे प्लाझ्मा म्हणजे रक्तातील द्रव नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. वायूतून पुरेशा दाबाची वीज खेळवली की त्याच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्‌भारित कणांचे एक मिश्रण तयार होते. या अवस्थेला १९२८ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातील वीज, वेल्डिंगची ठिणगी, नळीच्या दिव्यातील उजेड ही सर्व त्याचीच रूपे. वेल्डिंगच्या ठिणगीत सगळेच कण तापलेले असतात. शीत प्लाझ्मात विजेचे धक्के इतके अल्पकालीन असतात की हलके इलेक्ट्रॉन तेवढे तापतात, जड अणूंना तापण्यास अवसरच मिळत नाही. त्यामुळे झोताचे तापमान शरीराच्या तापमानाच्या आसपास राहते. यातले मूळ तंत्रही काही कालपरवाचे नाही. काचेच्या आवरणातून वीज-विसर्जन घडवून ओझोन तयार करण्याची नळी वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्येच बनवली होती. जिवंत पेशींवर अशा सौम्य झोताचा उपयोग करण्याचे प्रयत्न मात्र प्रामुख्याने या शतकातले. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे एव्हा स्टॉफेल्स यांनी २००२ च्या सुमारास ‘प्लाझ्मा सुई’ तयार केली. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल कायडार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कर्कपेशींवरील आणि उंदरांच्या गाठींवरील परिणाम प्रसिद्ध केले.

आता पेशी मरते कशी? झोत हवेला आणि पेशींभोवतीच्या ओलाव्याला भिडला की हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल, सुपरऑक्साइड, नायट्रिक ऑक्साइड, पेरॉक्सिनायट्राइट अशी ऑक्सिजन आणि नायट्रोजनची अत्यंत क्रियाशील संयुगे निर्माण होतात. मारक शक्तीचा मोठा वाटा त्यांचा आहे. विद्युत्‌क्षेत्र आणि अतिनील किरण यांचा वाटा त्या मानाने कमी. निरोगी पेशीतही अशी संयुगे थोड्या प्रमाणात तयार होत असतात आणि त्यांना निष्प्रभ करणारी विकरे तिच्यापाशी असतात. कर्कपेशीचा चयापचय बेभान असल्यामुळे तिच्यात हा भार मुळातच वाढलेला असतो आणि तो पेलण्यात तिची बरीचशी राखीव शक्ती खर्ची पडलेली असते. खानदेशातल्या कापूस-उत्पादकाला हे निराळे समजावून सांगायला नको. दोन शेतकऱ्यांच्या शेतांवर सारखाच अवकाळी पाऊस पडतो. ज्याच्या गाठी चार पैसे आहेत तो सावरतो, ज्याच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा आहे तो त्याच पावसाने उठतो. प्लाझ्माचा जादा भार कर्कपेशीची तीच गत करतो. तिच्या गुणसूत्रांतील डीएनएचे धागे तुटतात, तंतुकणिका कोलमडतात आणि पेशीत निसर्गतःच असलेली आत्मनाशाची यंत्रणा चालू होते. शिवाय अनेक कर्कपेशींच्या पटलावर पाणी व पेरॉक्साइड आत सोडणाऱ्या प्रथिन-वाहिन्या अधिक असतात आणि त्या पटलात कोलेस्टेरॉल कमी असते, म्हणून हल्ला आत लवकर शिरतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मरणाऱ्या पेशी काही संकेत बाहेर टाकतात व त्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होऊ शकते, असेही प्रयोगांत दिसले आहे.

हे सर्व काचेच्या बशीत आणि उंदरांत दिसते. तेथून माणसापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. मात्रा वाढवली तर हाच झोत निरोगी पेशींनाही मारतो. म्हणजे निवडकपणा हा प्लाझ्माचा अंगभूत सद्गुण नसून मात्रेचा प्रश्न आहे. दोन प्रकारच्या पेशी दोन निरनिराळ्या पोषकद्रवांत वाढवल्या तर दिसणारा फरक पेशींचा की द्रवांचा, असा आक्षेप याच क्षेत्रातील संशोधकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. काही जातींच्या कर्कपेशी या माऱ्याला दाद देत नाहीत. सर्वांत मोठी मर्यादा खोलीची. झोताचा परिणाम पृष्ठभागापासून फार तर काही मिलिमीटरांपर्यंत पोहोचतो. यकृतातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीवर बाहेरून ज्योत धरून काहीही साधणार नाही, आणि शरीरभर पसरलेल्या रोगावर तर नाहीच नाही.

माणसांवरील अनुभव अद्याप तुटपुंजा आहे. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथे तयार झालेल्या प्लाझ्मा-लेखणीला २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरण म्हणून युरोपीय मान्यता मिळाली, ती जखमांवरील उपचारासाठी. (हे शहर पूर्वीच्या पूर्व जर्मनीतले, वायूंतील वीज-विसर्जनाचा अभ्यास तेथील शासकीय विज्ञान अकादमीत अनेक दशके चालत आला होता. आज ज्यांना ही विद्या केवळ खासगी उद्यमशीलतेचे फळ वाटते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.) तेथील वैद्यांनी मुख-घशाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या सहा रुग्णांवर, ज्यांच्या उघड्या जखमा चिघळल्या होत्या, तिचा वापर केला. जंतुसंसर्ग घटल्याने दुर्गंधी कमी झाली, वेदनाशामकांची गरज घटली आणि दोन रुग्णांत गाठ काही काळ अंशतः आटली. बरे कोणी झाले नाही आणि तसा दावाही कोणी केला नाही. अमेरिकेत जेरोम कॅनडी यांच्या उपकरणाला २०१९ मध्ये चाचणीची परवानगी मिळाली. शिकागो आणि इस्राएलमधील रुग्णालयांत मिळून वीस रुग्णांवर, शस्त्रक्रियेने गाठ काढल्यानंतर उरलेल्या कडांवर, झोत सोडण्यात आला. त्या चाचणीचा मुख्य प्रश्न एवढाच होता की, हे सुरक्षित आहे काय. जगातल्या कोणत्याही देशात कर्करोगाच्या प्रस्थापित उपचारांत शीत प्लाझ्माला अजून स्थान मिळालेले नाही. म्हणून उद्या कोणी दवाखान्याबाहेर ‘प्लाझ्मा थेरपी’ची पाटी लावून कर्करोग बरा करण्याचे पैसे मागू लागला, तर त्याची तक्रार करणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते.

येथपर्यंत वाचून खांदे उडवणारे साथी म्हणतील, मग आमचेच म्हणणे खरे ठरले! तसे ते ठरत नाही. झोत पृष्ठभागावरच काम करतो, ही मर्यादा शिकागोच्या दृष्टीने मोठी असेल. भारताच्या पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग कोणता? ओठांचा आणि मुखाचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण नोंदले गेले, ९ लाखांहून अधिक माणसे दगावली, आणि नव्या रुग्णांपैकी जवळपास १ लाख ४४ हजार मुखकर्करोगाचे होते. गालाच्या आतला, जिभेच्या कडेचा, हिरडीवरचा हा रोग उघड्यावर असतो. त्याच्या आधी येणारे पांढरे-लाल चट्टे तर अगदीच वरवरचे. म्हणजे श्रीमंत देशांतील रोगांच्या दृष्टीने जे तंत्र दुय्यम, ते गरिबांच्या रोगाला नेमके लागू पडण्याची शक्यता आहे. ती खरी की खोटी हे ठरवण्याची सर्वाधिक निकड कोणाला आहे? पण प्रयोग कोठे आणि कोणत्या रोगावर व्हावेत हे निकडीवरून ठरत नाही, विक्रीच्या अपेक्षेवरून ठरते. आणि पाचोऱ्याचा शेतमजूर हा कोणत्याही कंपनीच्या हिशेबात गिऱ्हाईक नाही.

त्या शेतमजुराची वाट जरा जवळून पाहिली पाहिजे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात आणि त्यांतले बहुतेक ती ओढत नाहीत, चघळतात. तंबाखू-चुन्याची चिमूट हे कष्टकऱ्याच्या भुकेवरचे सर्वांत स्वस्त औषध आहे; बायकांमध्ये मशेरीची सवय त्याच जातीची. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या मिळायच्या थांबल्या नाहीत. या माणसाच्या गालात चट्टा उठतो तेव्हा दुखत नाही, म्हणून तो कामावर जातो. तोंड उघडेनासे झाले, भाकरीचा घास झोंबू लागला, की मग गावातला डॉक्टर, मलम, गोळ्या, कोणाचा तरी झाडपाला. अखेर पाचोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा जळगावहून चिठ्ठी मिळते ती परळच्या टाटा रुग्णालयाची. शेंदुर्णी-पहूरकडच्या माणसाला पाचोरा गाठायला पूर्वी जामनेरची छोटी गाडी तरी होती. ती २०२० मध्ये बंद पडली. पाचोऱ्याहून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर पदपथ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी, महिनाभराचे मुंबईतले खाणे हे तिच्या कोणत्याही पॅकेजात बसत नाही. आणि एवढे करून तो पोहोचतो तेव्हा रोगाने पुष्कळदा तिसरा-चौथा टप्पा गाठलेला असतो.

तेव्हा तोंडात डोकावून पाहणे हे पहिले काम, यात वाद नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे एक लाख नव्वद हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाने हे निर्विवाद दाखवले. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन, बॅटरीच्या उजेडात लोकांची तोंडे तपासली, आणि तंबाखू व मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर दीड दशकाने, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, तिशी ते पन्नाशीतील भारतीय स्त्रियांपैकी मुखकर्करोगासाठी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के आढळल्या. शंभरात एकही नाही! बॅटरी आणि लाकडी चमचा यांवर कोणाचे पेटंट नाही, हेच बहुधा त्यांचे दुर्दैव.

परंतु तपासणीची मागणी आणि संशोधनावरील हक्काची मागणी या एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट पहिलीवाचून दुसरी पांगळी आहे. वरवरच्या चट्ट्यावर चालेल असा उपाय उद्या सिद्ध झालाच, तर तो चट्टा चट्टा असतानाच सापडायला हवा. आणि चट्टा सापडल्यावर उपायासाठी पुन्हा परळ गाठावे लागणार असेल, तर तपासणीला कोण तोंड उघडील?

आता मालकीचा प्रश्न. शीत प्लाझ्माला लागणारी सामग्री म्हणजे वीज आणि वायू. वायूवर कोणाला मक्ता मागता येत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीवरही पेटंट मिळत नाही. मग कुंपण घातले जाते ते यंत्रावर, झोताच्या तोंडावरील नळीवर, विजेचे धक्के देणाऱ्या मंडलावर. यंत्र एकदा विकायचे आणि दर वेळी बदलावी लागणारी सुटी वस्तू आयुष्यभर विकत राहायचे, ही वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यातील जुनी रीत आहे. हेलियम वापरणारे यंत्र आणले तर आणखी एक दोर परक्यांच्या हाती जातो, कारण आपला हेलियम जवळजवळ सगळा आयात होतो. आर्गॉन हवेतून वेगळा काढता येतो. साध्या हवेवर चालणारी यंत्रेही शक्य आहेत. कोणत्या वायूवर यंत्र बेतायचे हा वरकरणी तांत्रिक निर्णय असला तरी त्यात जिल्हा रुग्णालयाची दहा वर्षांची परवड किंवा स्वावलंबन साठवलेले असते. तो घेण्याची वेळ तंत्र घडत असतानाची असते. यंत्र खोक्यात बंद होऊन आले की निर्णय संपलेला असतो.

हे कुंपण किती महाग पडते याचा धडा मुंबईतच शिकायला मिळाला आहे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकत होती. पेटंट-नियंत्रकांनी मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, तेव्हा तेच औषध ८,८८० रुपयांना मिळू लागले. गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंतच मूळ औषध पोहोचत होते, असे त्या निर्णयात नोंदले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा परवाना उचलून धरला. कायद्यातले कलम अद्याप शाबूत आहे, तरी त्यानंतर दुसऱ्या औषधाला असा परवाना मिळाल्याचे उदाहरण नाही. कलम कागदावर ठेवायचे आणि वापरायचे नाही, ही परकीय भांडवलाला दिलेली मूक हमीच होय. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट नाकारून या देशात स्वस्त औषधांचा उद्योग उभा केला होता. २००५ च्या दुरुस्तीने ती भिंत पाडली. ती पडत असताना ‘हा तज्ज्ञांचा विषय’ म्हणून किती जण स्वस्थ बसले होते, याचा हिशेब डाव्या-समाजवादी चळवळीने अजून मांडलेला नाही.

सार्वजनिक क्षेत्राला हे जमेल काय, असा प्रश्न विचारणाऱ्यांची या देशात वाण नाही. उत्तर अणुऊर्जा विभागाच्या कपाटातच आहे. १९४१ मध्ये सुरू झालेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून याच विभागाच्या अखत्यारीत आहे. गांधीनगरजवळची, १९८६ मध्ये स्थापन झालेली प्लाझ्मा संशोधन संस्थाही त्याच विभागाची. म्हणजे देशातील प्लाझ्माचे सर्वांत मोठे ज्ञानकेंद्र आणि कर्करोगाचे सर्वांत मोठे रुग्णालय एकाच मंत्र्याच्या, म्हणजे खुद्द पंतप्रधानांच्या, खात्यात नांदतात. या प्लाझ्मा संस्थेने रुग्णालयातील कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी यंत्र बनवले, अंगोरा लोकर कातण्याजोगी व्हावी म्हणून तिच्यावर प्लाझ्माची प्रक्रिया करून दाखवली. याच विभागाच्या भाभा अणु संशोधन केंद्राने किरणोपचारासाठी ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र विकसित केले. पहिले यंत्र २००५ मध्ये टाटाच्याच खारघर केंद्रात बसले आणि पुढे परदेशांतही गेले. टाटाच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवा. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते बधिरतेचे औषध, टोचले. पंधराशेहून अधिक स्त्रियांवरील या चाचणीत पाच वर्षांनंतर जगलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. खर्च शंभर रुपयांच्या आत. असा प्रयोग कोणती औषध कंपनी करील? त्यात विकायचे काहीच नाही. तो झाला, कारण करणारे रुग्णालय सार्वजनिक पैशावर चालते.

मग शीत प्लाझ्मासाठी मागायचे ते एवढेच, आणि ते नेमकेपणाने मागायला हवे. अणुऊर्जा विभागाने आपल्या या दोन संस्थांना मुखकर्करोगपूर्व चट्टे आणि चिघळलेल्या कर्कजखमा या दोन विषयांवर रीतसर, नोंदणीकृत, तुलनात्मक चाचणीचे काम द्यावे. यंत्र हवेवर किंवा आर्गॉनवर चालणारे असावे व त्याचा आराखडा सार्वजनिक उपक्रमांना आणि राज्य सरकारांना विनामूल्य खुला राहावा. निष्कर्ष अनुकूल येवोत वा प्रतिकूल, ते पूर्णपणे प्रसिद्ध व्हावेत; प्लाझ्मा मुखकर्करोगावर निरुपयोगी आहे असे सिद्ध झाले, तरी ती बातमी देशाचे पुष्कळ पैसे वाचवील. चाचणीत सामील होणाऱ्या गरीब रुग्णाला त्याच्या भाषेत, अहिराणीत सांगावे लागले तर अहिराणीत, हे स्पष्ट सांगितले जावे की हा प्रयोग आहे, सिद्ध उपचार नाही, आणि नकार दिल्याने त्याचा नेहमीचा उपचार थांबणार नाही. स्वस्त संशोधनाच्या नावाखाली गरिबाचे शरीर स्वस्त समजण्याची चाल डॉक्टरी पेशात नाही, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. म्हणूनच देखरेखीत रुग्णांचे प्रतिनिधी हवेत.

त्याच निवेदनात दुसरे कलम पाचोऱ्याचे असावे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुख-तपासणी, तालुक्यातील आशा सेविकांना त्याचे प्रशिक्षण व प्रत्येक तपासणीमागे मोबदला, संशयित रुग्णाच्या तपासणीसाठी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. पहिल्या कलमासाठी दिल्लीकडे बोट दाखवता येते. दुसऱ्यासाठी जिल्हा नियोजन समितीपुढे जाऊन किती तोंडे तपासली, किती चट्टे सापडले, त्यांतले किती जण जळगावला पोहोचले, हे आकडे महिन्याच्या महिन्याला मागावे लागतील. ते मागायला पाचोरा, भडगाव आणि जामनेरच्या शाखांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.